लाईट जाऊन आल्यावर ऑफिसचं नेट अर्धवट चालतं? आधी आयपीव्ही६ प्रिफिक्स तपासा

लक्षणं

- लाईट गेली-आली किंवा राउटर रीस्टार्ट झाला, की एकाच स्विचवरच्या (ऑफिसच्या केबल एकत्र जोडणारा डबा) काही कॉम्प्युटरना नेट मिळतं आणि काही अडखळतात.
- ब्राउझरमध्ये साइट उघडतात, पण सुरुवातीला किंचित थांबून. मेल सॉफ्टवेअर, बॅकअप, एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) आणि लिनक्सचे अपडेट मात्र मिनिटभराहून जास्त वेळ लटकतात.
- मोबाईलचं वायफाय बंद करून चालू केलं की मोबाईल लगेच सुधारतो. वायरवरचे कॉम्प्युटर तसेच राहतात.
- कालपर्यंत चालणारा प्रिंटर किंवा एनएएस (नेटवर्कवरची सामायिक साठवण) 'ऑफलाइन' दिसतो, पण त्याच्या पॅनेलवर सगळं ठीक असतं.
- बाहेरून ऑफिसच्या सर्व्हरवर येणारी जोडणी बंद पडते.
- कुणी हात न लावता काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप सुरळीत होतं, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

सगळ्याच कॉम्प्युटरवर सगळंच बंद असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. तेव्हा फायबर, ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा) आणि रिचार्ज बघा. इथला बिघाड नेहमी 'अर्धवट' असतो, आणि तीच त्याची खूण आहे.

नेमकं काय होतं

बहुतेक लहान-मध्यम संस्थांना इंटरनेट कंपनीकडून मिळणारा आयपीव्ही६ प्रिफिक्स, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्याचा सुरुवातीचा भाग, तात्पुरता असतो. राउटर डीएचसीपीव्ही६च्या प्रिफिक्स डेलिगेशनने, म्हणजे कंपनीकडे आपोआप मागणी करून, तो घेतो, त्याचे /६४ आकाराचे (पहिले ६४ बिट ठरलेले) तुकडे करतो आणि राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट, म्हणजे आरए संदेशातून ऑफिसभर जाहीर करतो. कॉम्प्युटर तो /६४ घेऊन उरलेला अर्धा पत्ता स्वतः बनवतात.

राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की कंपनी बऱ्याचदा नवा प्रिफिक्स देते. राउटरला जुना आठवत नाही, म्हणून 'जुना आता वापरू नका' असं तो कुणालाच सांगत नाही. कॉम्प्युटरकडे मग दोन पत्ते राहतात, एक जिवंत आणि एक मेलेला, आणि दोन्हींवर 'वापरायला योग्य' असाच शिक्का असतो. मेलेला पत्ता लावून गेलेलं पॅकेट कंपनीचं नेटवर्क टाकून देतं, कारण आपण न दिलेल्या स्रोत-पत्त्याची रहदारी अडवणं हा तिथला चांगला आणि जुना नियम आहे. ते गेलं तरी त्याचं उत्तर तुमच्याकडे परत येणार नाही.

वायरवरचे कॉम्प्युटर जास्त अडकतात याचं कारण स्विच. राउटर बंद पडला पण स्विच यूपीएसवर चालू राहिला, तर कॉम्प्युटरच्या केबलचा दिवा विझतच नाही. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं, त्यामुळे तो जुना पत्ता सोडत नाही. ब्राउझर तरून जातात, कारण आयपीव्ही६ने उत्तर दिलं नाही तर साधारण पाव सेकंदात ते जुन्या आयपीव्ही४नेही प्रयत्न सुरू करतात. बाकीची पुष्कळ सॉफ्टवेअरं पूर्ण टाइमआउट होईपर्यंत वाट बघत बसतात.

तपासणी १: एका कॉम्प्युटरची केबल काढून लावा

फुकट आहे आणि दहा सेकंदांत होते. अडकलेल्या एकाच मशीनची केबल काढा, पाच-सात सेकंद थांबा आणि परत लावा. ते मशीन लगेच सुधारलं तर दोष त्याने धरून ठेवलेल्या जुन्या पत्त्याचा आहे आणि राउटर नवा प्रिफिक्स व्यवस्थित देतो आहे. सुधारलं नाही तर दोष राउटरकडे किंवा त्याच्या पुढे आहे, तेव्हा तपासणी ३ आणि ४ नीट करा.

या पायरीवर राउटर पुन्हा रीस्टार्ट करू नका. आणखी एक नवा प्रिफिक्स मिळेल आणि कॉम्प्युटरवर दोनाऐवजी तीन पत्ते जमतील.

तपासणी २: पत्ते डोळ्यांनी वाचा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा. लिनक्सवर 'आयपी' कमांडने आयपीव्ही६ पत्त्यांची यादी काढा. तिथे प्रत्येक पत्त्यापुढे व्हॅलिड (पत्ता एकूण किती वेळ टिकेल) आणि प्रेफर्ड (नव्या जोडण्यांसाठी तो किती वेळ वापरायचा) ही दोन आयुष्यं सेकंदांत दिसतात.

पत्त्याचे पहिले चार गट म्हणजे प्रिफिक्स. एफई८० ने सुरू होणारे पत्ते सोडून द्या, ते केवळ आतल्या त्या एका नेटवर्कपुरते असतात. २ किंवा ३ ने सुरू होणारे पत्ते घ्या आणि त्यांचे फक्त पहिले चार गट एकाखाली एक लिहा. सगळे सारखे असतील तर ठीक. दोन वेगवेगळे निघाले आणि दोन्हींपुढे 'प्रेफर्ड' असेल, तर रोग सापडला. जुन्यापुढे 'डेप्रिकेटेड' असेल तर राउटरने आपलं काम केलं आहे, नव्या जोडण्यांसाठी तो पत्ता वापरला जाणार नाही.

इथे एका नावामुळे पुष्कळ गोंधळ होतो. विंडोज 'टेम्पररी आयपीव्ही६ अ‍ॅड्रेस' असं दाखवतं, आणि ते पाहून लोक आपला प्रिफिक्स तात्पुरता असल्याचं ठरवून ते फीचर बंद करतात. टेम्पररी अ‍ॅड्रेस खाजगीपणासाठी असतात. त्यात बदलतो तो पत्त्याचा मागचा अर्धा भाग, आणि आरएफसी ८९८१प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं सांगणारे दस्तऐवज) साधारण रोज. त्याचा या बिघाडाशी काही संबंध नाही. ते चालू राहू द्या.

तपासणी ३: राउटर काय म्हणतो

राउटरच्या वॅन (इंटरनेटकडची बाजू) स्टेटस पानावर कंपनीने दिलेला प्रिफिक्स दिसतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या खुल्या सॉफ्टवेअरवर तो 'वॅन६' इंटरफेसखाली, 'आयपीव्ही६-पीडी' या नावाने असतो. तो तारीख-वेळेसह वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी लाईट गेली-आली की पुन्हा टिपा. दोन-तीन नोंदींत कळतं, की प्रिफिक्स प्रत्येक रीस्टार्टला बदलतो, राउटर बराच वेळ बंद राहिला तरच बदलतो, की बदलतच नाही. बदलतच नसेल तर हा बिघाड दुसराच आहे, इथून पुढचे उपाय करू नका.

प्रिफिक्सची लांबीही बघा. /५६ मध्ये २५६ नेटवर्क बसतात, /६० मध्ये १६ आणि /६४ मध्ये एकच. पाहुण्यांचं वायफाय, कॅमेरे आणि ऑफिस अशी तीन व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्क) असतील आणि मिळाला असेल /६४, तर त्यांपैकी एकालाच आयपीव्ही६ मिळणार. 'काही मशीनवर चालतं, काहींवर नाही' याचं ते वेगळं आणि साधं कारण असू शकतं. राउटरच्या सेटिंगमध्ये मागणीची लांबी ६० किंवा ५६ करून बघा. कंपनी ती मागणी मानेलच असं नाही.

तपासणी ४: दुसरा राउटर आरए पाठवतोय का

'आयपीकॉन्फिग /ऑल'मध्ये डीफॉल्ट गेटवेखाली एफई८० चे दोन वेगळे पत्ते दिसले, तर ऑफिसात दोन उपकरणं 'मी राउटर' म्हणताहेत. बहुतेकदा कुणीतरी रेंज वाढवायला आणलेला जुना वायफाय राउटर असतो, ज्याची केबल लॅन पोर्टला लावलेली असते आणि आयपीव्ही६ सेवा चालू राहिलेली असते. गेटवेच्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक) तो शोधा आणि त्याचं आरए व डीएचसीपीव्ही६ बंद करा. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच असेल तर आरए-गार्ड चालू करून आरए फक्त खऱ्या राउटरच्या पोर्टवरून येऊ द्या.

ही पायरी वगळून पुढच्या सेटिंगला हात घालू नका. दोन उपकरणं एकाच वेळी आरए देत असतील तर एकाची आयुष्यं कितीही काळजीने बसवली तरी उपयोग होत नाही.

तपासणी ५: वीज आणि 'रिलीज'

ओएनटी आणि राउटर एकाच यूपीएसवर घ्या. दोन्ही मिळून फार वीज खात नाहीत, आणि दोन मिनिटांच्या झटक्याने होणारे रीस्टार्ट टळले की तक्रारींचा मोठा भाग जागेवरच थांबतो. स्विच यूपीएसवर आणि राउटर भिंतीच्या सॉकेटवर ही मांडणी सगळ्यात वाईट, कारण वर सांगितल्याप्रमाणे कॉम्प्युटरना बदलाचा पत्ताच लागत नाही.

सेटिंगमधून रीस्टार्ट केल्यावर काही राउटर जाता जाता कंपनीला 'प्रिफिक्स परत घ्या' असा रिलीज संदेश पाठवतात. मग नवा मिळणारच. आरएफसी ९०९६ने राउटर उत्पादकांना हा आपोआप जाणारा रिलीज टाळायला सांगितलं आहे. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये तो थांबवायचा पर्याय आहे. तुमच्या राउटरमध्ये असेल तर वापरा.

तपासणी ६: आरएमधली आयुष्यं

मूळ मानकात, म्हणजे आरएफसी ४८६१मध्ये, जाहीर केलेल्या प्रिफिक्सचं प्रेफर्ड आयुष्य ७ दिवस आणि व्हॅलिड आयुष्य ३० दिवस असं डीफॉल्ट आहे. कधीही बदलू शकणाऱ्या प्रिफिक्ससाठी ही मुदत फारच लांब. आरएफसी ९०९६ने २०२१ मध्ये अशा राउटरसाठी कमाल मर्यादा सुचवली: प्रेफर्ड २७०० सेकंद, म्हणजे ४५ मिनिटं, आणि व्हॅलिड ५४०० सेकंद, म्हणजे ९० मिनिटं. राउटरच्या आरए सेटिंगमध्ये हेच आकडे भरा. मग वाईटात वाईट म्हणजे मेलेला पत्ता पाऊण तास त्रास देईल.

याहून खूप खाली जाऊ नका. ५ मिनिटं ठेवलं, की वायफायवर दोन-चार आरए हरवल्याबरोबर चांगले पत्तेही गळायला लागतात. आयुष्य कमी केल्यावर 'चालू केल्यापासून ठराविक मिनिटांनी आयपीव्ही६ जातं' अशी तक्रार आली, तर स्विच किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटमधलं एमएलडी स्नूपिंग (गटासाठीचे संदेश निवडक पोर्टवरच सोडणारी सोय) आरए अडवतंय का ते बघा. फायरवॉलने आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६चे सूचना-संदेश, आरएही त्यातच) सरसकट बंद केलं असेल तरी हेच होतं. त्यातले प्रकार १३३ ते १३६ (राउटर आणि शेजारी मशीन शोधणारे) ऑफिसच्या आत आणि प्रकार २ ('पॅकेट फार मोठं' ही सूचना) सगळीकडे मोकळा पाहिजे. आयपीव्ही४मध्ये पिंग बंद करून चालून जातं, आयपीव्ही६ मात्र याच संदेशांवर उभं आहे.

प्रिफिक्स आत्ताच बदलला आहे आणि पन्नास मशीन अडकली आहेत, तर राउटरवरून जुना प्रिफिक्स हाताने जाहीर करा: प्रेफर्ड ०, व्हॅलिड ७२००. आरए पोचताच कॉम्प्युटर जुना पत्ता डेप्रिकेटेड करतात आणि नव्या जोडण्या नव्या पत्त्याने सुरू होतात. व्हॅलिडसुद्धा ० का नाही? कारण जुन्या पत्त्याचं दोन तासांहून जास्त आयुष्य उरलेलं असेल, तर साध्या आरएच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर ते दोन तासांच्या खाली आणत नाही. खोट्या आरएने कुणी सगळ्यांचे पत्ते एका फटक्यात पुसू नयेत म्हणून आरएफसी ४८६२मध्ये तशी तरतूद आहे. अडचण प्रेफर्ड ० ने सुटते, व्हॅलिड आपल्या वेळेने संपतं. दोन तासांनी ही जास्तीची नोंद काढून टाका.

तपासणी ७: आतल्या कामासाठी संस्थेचा स्वतःचा प्रिफिक्स

कायमचा उपाय हा आहे, आणि ज्या ऑफिसात प्रिंटर, एनएएस किंवा आतला सर्व्हर आहे तिथे तो करायलाच हवा. कंपनीचा प्रिफिक्स इंटरनेटपुरता वापरायचा. आतली उपकरणं एकमेकांना अशा पत्त्याने शोधतील जो कुठल्याही कंपनीवर अवलंबून नाही. त्यासाठी आरएफसी ४१९३ने २००५ मध्ये यूएलए, म्हणजे फक्त आतल्या वापराचे, पत्ते ठरवून दिले. कुणाची परवानगी नको, फी नको.

रचना अशी: सुरुवातीला 'एफडी' हे ८ बिट, मग ४० बिटांचा यादृच्छिक आकडा, मग १६ बिट सबनेटसाठी (आतल्या वेगवेगळ्या नेटवर्कचा क्रमांक). ४० बिट म्हणजे हेक्सचे (० ते ९ आणि ए ते एफ) दहा अंक. ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरकडून पाच बाइटचा यादृच्छिक हेक्स आकडा मागा. समजा ३एफ९२सी०७बी१ई मिळाला, तर तुमचा प्रिफिक्स होईल एफडी३एफ:९२सी०:७बी१ई::/४८. हा उदाहरणाचा आकडा उचलू नका, स्वतःचा काढा. एफडी००::/४८ सारखा सोपाही घेऊ नका. घरचं आणि ऑफिसचं दोन्ही नेटवर्क १९२.१६८.१.० निघाल्यामुळे व्हीपीएन जोडताना काय हाल होतात ते ज्यांनी सोसलंय, त्यांना याचं कारण वेगळं सांगायला नको. उद्या दुसरी शाखा जोडताना तेच आयपीव्ही६मध्ये होईल. ओपनडब्ल्यूआरटी पहिल्यांदा सुरू होताना असा प्रिफिक्स स्वतःच बनवतं, पण फॅक्टरी रीसेट केला की नवा बनवतं. म्हणून तो कागदावर लिहून राउटरच्या फाइलला लावा.

एका /४८ मध्ये ६५,५३६ नेटवर्क बसतात. सबनेटचा गट व्हीलॅनच्या आकड्याशी जुळवा: ऑफिस व्हीलॅन १० असेल तर …:१०::/६४, कॅमेरे ३० असतील तर …:३०::/६४. पत्ता पाहताच जागा कळते. सर्व्हर आणि प्रिंटरला या नेटवर्कमध्ये ठरलेला पत्ता द्या, आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यादी) तोच नोंदवा आणि शॉर्टकट नावाने करा. यूएलए पत्ता सार्वजनिक डीएनएसमध्ये टाकू नका, बाहेरच्यांना तो निरुपयोगी आहे.

एक गोष्ट दोष वाटेल, पण तो दोष नाही. एकाच नावाला आयपीव्ही४ आणि यूएलए दोन्ही पत्ते असतील, तर आरएफसी ६७२४च्या डीफॉल्ट पसंतीक्रमानुसार कॉम्प्युटर आयपीव्ही४ निवडतो. जोडणी होते आहे ना, मग तसंच राहू द्या. आयपीव्ही६च हवं असेल तर त्या नावाची आयपीव्ही४ नोंद काढा. पन्नास मशीनवर पसंतीक्रम बदलत फिरण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

प्रशिक्षण, ऑडिट किंवा शिबिरासाठी काही दिवसांचं वेगळं नेटवर्क लागतं, तेव्हाही याच /४८ मधून वेगळी /६४ काढा. तात्पुरत्या नेटवर्कसाठी १००० पासून पुढचे सबनेट राखून ठेवा, म्हणजे कायमच्यांत मिसळणार नाहीत. आयुष्यं वरचीच, ४५ आणि ९० मिनिटं. इंटरनेटसाठी त्याच व्हीलॅनला कंपनीच्या प्रिफिक्सची एक /६४ जोडा. नेटवर्क मोडताना क्रम पाळा: आधी प्रेफर्ड ० करा, दोन तास जाऊ द्या, मग नोंद काढा. सरळ नोंद काढलीत, तर मागे राहिलेल्या मशीनवर हाच बिघाड तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केला असं होईल. तो सबनेट क्रमांक लगेच दुसऱ्या कामाला देऊ नका.

तपासणी ८: नियमांत लिहून ठेवलेला जुना प्रिफिक्स

बाहेरून येणाऱ्या जोडण्या बंद पडत असतील तर फायरवॉलच्या नियमात पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीत पत्त्याच्या फक्त मागच्या ६४ बिटांवर नियम लावता येतो, तसा लावा. त्यासाठी सर्व्हरचा मागचा भाग पक्का हवा, लिनक्सवर तो 'टोकन' देऊन पक्का करता येतो. बाहेरच्या नावाची नोंद डायनॅमिक डीएनएसने अपडेट होऊ द्या. यावर वैतागून 'आयपीव्ही६साठी सगळं अलाऊ' असा नियम कधीही टाकू नका. आयपीव्ही६मध्ये नॅटचा (सगळी मशीन एकाच पत्त्यामागे ठेवण्याचा) आडोसा नसतो, ऑफिसातला प्रत्येक कॅमेरा आणि प्रिंटर थेट इंटरनेटवर उघडा पडेल.

आणि प्रत्येक मशीनवर आयपीव्ही६ बंद करत सुटणं हा उपाय नाही. तक्रार त्या दिवसापुरती थांबते, पण नवीन आलेल्या प्रत्येक लॅपटॉपबरोबर परत येते.

तपासणी ९: कंपनीला काय विचारायचं

'नेट स्लो आहे' असं सांगू नका. हे तीन प्रश्न विचारा: आमच्या प्लॅनवर स्थिर आयपीव्ही६ प्रिफिक्स मिळेल का आणि किती लांबीचा, डेलिगेशनची मुदत किती, आणि प्रिफिक्स राउटरच्या डीयूआयडीशी बांधलेला आहे का. डीयूआयडी ही डीएचसीपीव्ही६मधली राउटरची ओळख. राउटर बदलला, आणि कधी फॅक्टरी रीसेट केला तरी, ती बदलते आणि स्थिर समजलेला प्रिफिक्सही बदलतो. तपासणी ३ मधल्या नोंदी सोबत पाठवा, तक्रार पुढच्या पातळीवर जायला त्या फार कामी येतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ओएनटी कंपनीचा असेल आणि त्याची सेटिंग लॉक असेल तर तो रीसेट करू नका. त्यातली पीपीपीओई (कंपनीचं लॉगिन) आणि व्हीलॅनची माहिती पुसली गेली तर अर्धवट चालणारं नेटही पूर्ण बंद होईल. हे काम कंपनीच्या तंत्रज्ञाचं.

दोन कंपन्यांच्या लाइन एकाच वेळी आयपीव्ही६वर चालवायच्या असतील तर स्वतः प्रयोग करू नका. दोन्हींचे प्रिफिक्स एकाच नेटवर्कवर जाहीर झाले, की एका कंपनीच्या पत्त्याचं पॅकेट दुसऱ्या कंपनीच्या लाइनने जातं आणि तिथे टाकून दिलं जातं. स्रोत-पत्त्यानुसार रूटिंग किंवा एनपीटीव्ही६ (बाहेर जाताना पत्त्याचा प्रिफिक्स बदलणं) हे त्याचे उपाय, आणि दोन्ही चुकले तर दोष शोधणं आजच्यापेक्षा अवघड होतं.

संस्थेला कंपनी बदलली तरी न बदलणारा सार्वजनिक प्रिफिक्स हवा असेल, तर तो भारतात आयआरआयएनएन या इंटरनेट पत्त्यांच्या नोंदणीकडून घेता येतो. निक्सी ही संस्था ते चालवते. त्यासाठी सदस्यत्व आणि वार्षिक फी लागते, आणि तो प्रिफिक्स इंटरनेटवर जाहीर करायला बीजीपी (नेटवर्कनी एकमेकांना आपले पत्ते कळवायची पद्धत) लागतं. बीजीपी सांभाळलेला माणूस हाताशी असल्याशिवाय अर्ज करू नका.

हॉस्पिटल, बँक किंवा पतसंस्थेत फायरवॉलचे बदल ऑडिटखाली येतात. तिथे तपासणी १ ते ४ मधली पाहणी बिनधास्त करा, आणि ४ मधल्या त्या जादा राउटरची फक्त केबल काढा. ३ आणि ४ मधले सेटिंगचे बदल आणि पाचव्यापासून पुढचं सगळं करायला लेखी मंजुरी घ्या. येणाऱ्या माणसाच्या हातात तीन गोष्टी ठेवा: प्रिफिक्सच्या तारीखवार नोंदी, एका अडकलेल्या आणि एका चांगल्या मशीनची 'आयपीकॉन्फिग /ऑल'ची पूर्ण यादी, आणि यूपीएसवर काय आहे व काय नाही याचा साधा आराखडा.